शिडीची जागा

३ एप्रिल, मंगळवार

आज डेकचा सुतार येऊन जागा बघून गेला. मागच्या अंगणात उभा राहून त्याने आधी ऊन कुठून येतं ते पाहिलं, मग स्वयंपाकघराचं दार, मग तलाव. तलाव कसला, पाच-सहा हात मारले की संपतो. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी बायकोला पोहायला सांगितलं तेव्हा खणून घेतला होता. भोवतीची जमीन तशीच राहिली, नुसती खडी, आणि पाणी सांडलं की खडीतून वर येणारा चिखल. "एकदा कडेने लाकडी फळ्यांचा डेक घालून घेऊ या," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. मी दर उन्हाळ्यात हो म्हणायचो.

जानेवारीत तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. लेक म्हणते, "बाबा, आईचं तेवढं राहिलंय ते करून टाका. आणि कुणाशी तरी बोलत जा." डेकचं मनावर घेतलं आहे. बोलण्याच्या जागी हे लिहितो आहे. आजवर वहीत मी फक्त कुणाच्या कवळीला दातांचा कोणता रंग एवढंच लिहीत आलो. पुढच्या खोलीत माझं कवळ्या बनवायचं काम चालतं.

सुतार म्हणाला, "काका, डेक केवढा करायचा ते माणसांवर असतं. बसणार किती जण?"

"दोन खुर्च्या."

"पाहुणेरावळे?"

"दोन खुर्च्या," मी म्हणालो. दुसरी कुणासाठी हे त्याने विचारलं नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, मोठा घ्या, चांगला मोठा घ्या! वहिनींना ऐसपैस लागायचं."

हा आमचा शेजारी. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाला, पण आवाज अजून इंजिनाच्या वर काढतो. माझी नात त्याला भोंगामामा म्हणते. मी डॉक्टर नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे. दोघांच्या अंगणांमधल्या कुंपणाला एक लहान फाटक आहे, आधीच्या घरमालकांच्या वेळचं. त्यातून तो रोज सकाळी तलावावर यायचा. ती पोहायची त्या वेळी. मी पुढच्या खोलीत कामात असायचो.

वहिनींना ऐसपैस लागायचं म्हणे. घरात तिला पलंगाची एक कड पुरायची.

५ एप्रिल, गुरुवार

सुताराने जमिनीवर सुतळी ताणून, चुन्याने रेघा मारून डेकचा आकार आखून दिला. दोन दिवस यात वावरा म्हणाला, दारातून या, खुर्च्या मांडून बसा, अडखळता कुठे ते कळेल. मी खुर्च्या मांडल्या आणि एकीवर बसलो. चुन्याच्या रेघेत बसलेला माणूस मूर्ख दिसतो.

भोंगा फाटक ढकलून आत आला. विचारायची पद्धत त्याच्याकडे नाहीच. दुसऱ्या खुर्चीवर बसला.

"डॉक्टर, एक सांगू? वहिनींना हसू आलं की नाकात पाणी जायचं. मग दहा मिनिटं शिंका. मी म्हणायचो, वहिनी, एक तर हसा नाहीतर पोहा."

मी म्हणालो, "हो का."

"तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

मी मान हलवली. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढली, नाकात पाणी जाऊन शिंका येतात हे मला माहीत नव्हतं. ती माझ्याशी बोलताना हसायची, पण तेव्हा आम्ही पाण्यात नसायचो.

आम्हा दोघांपैकी जास्त कोण रडलं हे सगळ्यांनी पाहिलं. तिला पोचवायला गेलो तेव्हा मी एका बाजूला उभा होतो आणि भोंगा ओक्साबोक्शी रडत होता. तिच्या ऑफिसातले लोक त्याला धरून बसले, पाणी पाजलं. एका बाईने मला हळूच विचारलं, "हे त्यांचे मिस्टर का?" मी म्हणालो, "शेजारी." तिला वाटलं मी स्वतःबद्दल सांगतो आहे. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "चांगले शेजारी मिळायला भाग्य लागतं."

८ एप्रिल, रविवार

लेक आली होती. सुतळीच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा डेक आहे की पायपुसणं?"

मी तिला समजावलं. उत्तरेच्या बाजूला दोन खुर्च्या आणि मध्ये लहान मेज. दारापासून तलावापर्यंत सरळ वाट. कुंपणालगत एक लांब बाक, त्याच्या पोटात टॉवेल, पानं काढायची जाळी, पाण्यात टाकायच्या औषधाचे डबे.

"आम्ही आलो की कुठे बसायचं?"

"बाकावर."

"आणि मामा?"

मी म्हणालो, "त्याला त्याचं घर आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईसारखीच बघते, आधी एक डोळा बारीक करते. मग म्हणाली, "बाक कुंपणालगत घातला की फाटक अडणार."

"वारा त्या बाजूने येतो. आडोसा हवा."

"बाबा, आपल्याकडे वारा कुठे आहे?"

वाऱ्याचं कारण मी तिला दिलं, सुतारालाही तेच देणार आहे. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. ते फाटक मला बंद करायचं आहे. खिळे ठोकून बंद केलं तर लोक तोंडात शेण घालतील. बाक आला तर कुणी काही म्हणणार नाही. शिवाय डेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या उंचीला येणार, जमिनीपासून चांगला वीतभर वर, आणि फाटक उघडतं आपल्या बाजूला. बाक नसता तरी ते डेकच्या कडेला अडकलंच असतं. हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. काम करताना वरचा दात खालच्यावर कुठे टेकतो हे बघायची सवय आहे.

जाताना लेक म्हणाली, "तुमची मर्जी. पण आईला माणसं लागायची."

मीही माणूसच आहे.

१२ एप्रिल, गुरुवार

सुतळीने समाधान झालं नाही म्हणून अंगणाचा नमुनाच बनवला. कवळीचे साचे करतो त्या प्लास्टरचा. तलावाच्या जागी निळं मेण ओतलं. हिरड्यांच्या गुलाबी अॅक्रिलिकच्या दोन खुर्च्या आणि बाक. कुंपण काडेपेटीच्या काड्यांचं. सगळं मापात आहे. खुर्च्या मेजाला अशा चपखल बसल्या की नखही जाणार नाही.

फार दिवसांनी हातात काम होतं असं वाटलं. तिला दाखवावंसं वाटलं. दाखवलं असतं तर म्हणाली असती, "अहो, खुर्ची मागे ओढल्याशिवाय माणूस बसणार कसा?" हे आता लिहिताना सुचलं. खुर्ची ओढायला जागाच ठेवलेली नाही. नमुना तसाच ठेवला आहे.

१७ एप्रिल, मंगळवार

भोंग्याने नमुना पाहिला.

सकाळी आला, पायात जुनी चप्पल, तोंडाने बडबड चालू. ओट्यावर नमुना वाळत होता. "अरे वा! डॉक्टर, हे तर अख्खं घरच दातांत बसवलंत." वाकून सगळं बघितलं. निळ्या मेणाला बोट लावलं. मग काड्यांच्या कुंपणावरून बोट फिरवत आला आणि बाकापाशी थांबला.

"फाटक कुठाय?"

"तिथे बाक येतोय. वारा येतो त्या बाजूने."

"हां."

मला वाटलं आता आरडाओरडा करेल. तयारी ठेवली होती. पण त्याने एक गुलाबी खुर्ची थोडी तिरकी झाली होती ती सरळ केली, आणि म्हणाला, "छान केलंय." मग गेला. जाताना फाटक मागे लोटून घेतलं, कडी घातली. कधी घालत नाही.

मी जिंकलो असं वाटलं. दुपारी चांगला जेवलो.

२१ एप्रिल, शनिवार

सुतार आणि त्याच्या माणसाने सांगाडा उभा केला. खालची जाड लाकडं बसली, फळ्या अजून घालायच्या आहेत. कुंपणाकडून काही आवाज नाही. भोंग्याच्या घरातला रेडिओसुद्धा बंद असतो. अंगणात मला फक्त करवत ऐकू येते. इतकी वर्षं मला हेच हवं होतं.

संध्याकाळी सुताराने विचारलं, "काका, शिडी कुठे बसवू?"

"कसली शिडी?"

"पाण्यातून वर यायची. स्टीलची मागवलीत ना तुमच्या मुलीने. तिचे पाय डेकखाली सिमेंटात धरावे लागतात, म्हणून फळ्या घालायच्या आधी जागा सांगा. बाई कुठून वर यायच्या? तिथेच बसवू."

तलावाच्या आत चारी बाजूंनी एक पायरी फिरवलेली आहे. कुठूनही पाय देऊन वर येता येतं. ती कुठून यायची?

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मला कुठलं ठाऊक? आम्ही आलो की आई पोहायचीच नाही, स्वयंपाकातच असायची. आणि बाबा, आता कोण पोहणार आहे? कुठेही बसवा की."

कुठेही नाही बसवायची. कवळी कुठेही बसवत नाहीत.

मग म्हणाली, "मामांना विचारा. त्यांना माहीत असेल."

त्यांना माहीत असणारच. त्यांनाच माहीत असतं सगळं.

२४ एप्रिल, मंगळवार

सुतार दुसरीकडे कामाला गेला आहे. जागा ठरली की बोलवा म्हणाला.

तलावाच्या काठाने फिरून पाहिलं. कुठे लाकूड, दगड, काही झिजलंय का. कुठेच काही नाही. तिची चप्पल कुठे असायची, टॉवेल कुठे असायचा, तेही आठवत नाही. आठवत नाही म्हणजे पाहिलेलंच नाही. पोहून झाल्यावर ती केस पुसत पुढच्या खोलीच्या दारात यायची आणि चहा टाकू का विचारायची, तिथून पुढचं मला सगळं आठवतं.

ती दोघं पाण्यात कशी असतील याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. आज केला. भोंगा एवढा अवाढव्य, पाण्यात उतरला की अर्धं पाणी बाहेर. ती हसत असणार. नाकात पाणी जात असणार.

२६ एप्रिल, गुरुवार

शेवटी गेलो. फाटकाला कडी होती, पलीकडून. म्हणून पुढच्या रस्त्याने वळसा घालून त्याच्या पुढच्या दाराशी. एवढ्या वर्षांत त्या दाराची घंटा मी पहिल्यांदा वाजवली.

त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली. "या, डॉक्टर. वाऱ्याने इकडे आणलं वाटतं."

मी आत गेलो नाही. उंबऱ्यातच विचारलं, "ती तलावातून कुठून वर यायची? शिडी बसवायची आहे."

तो म्हणाला, "तुम्हाला नाही माहीत?"

"तुम्ही बरोबर पोहायचात, म्हणून तुम्हाला विचारतोय."

"मी?" तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "मला पोहता कुठे येतं? घोट्याच्या वर पाणी आलं की माझं इंजिन बंद पडतं. मी काठावर बादली उलटी घालून बसायचो. पाठीच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं, एकटीने पाण्यात उतरायचं नाही. पहिल्या दिवशीच मला म्हणाल्या, तुम्ही नुसते बसा. ह्यांना उठवायला नको, सकाळी ह्यांच्या हातात मेण वितळलेलं असतं."

मेण परत वितळवता येतं.

मी म्हणालो, "मग काठावरून तुम्हाला दिसत असेलच. कुठून?"

तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, आवाज अगदी खाली आला. "डॉक्टर, तुमच्याकडे सगळं आहे. घर आहे, तिच्या साड्या आहेत, लेक आहे. तुम्ही सांगाल ते तुमचं. माझ्याकडे सकाळचा तेवढा वेळ आहे. तोही मोडून तुमच्या प्लास्टरमध्ये बसवू? नाही सांगणार. आणि फाटक बंद करणाऱ्याला तर मुळीच नाही."

"हे वागणं बरं नव्हे," मी म्हणालो.

"नव्हेच," तो म्हणाला. "चहा घेणार?"

घेतला नाही.

घरी येताना वाटेत मला त्याचा इतका राग आला होता की घर मागे टाकून कोपऱ्यापर्यंत गेलो. तो पाण्यात नव्हता, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण त्याने तिला पोहताना पाहिलं आहे. रोज. मी एकदाही नाही. एकत्र पोहणाऱ्या माणसाला समोरचा नीट दिसत तरी नाही, तोंडावर पाणी असतं. काठावर बसणाऱ्याला सगळं दिसतं.

२७ एप्रिल, शुक्रवार

काम झालं नाही. दोनदा मेण वितळवलं, दोनदा गार होऊ दिलं.

२९ एप्रिल, रविवार

सुताराला बोलावलं. सांगितलं, बाक नको. फाटकासमोर डेक कापायचा, ते पूर्ण उघडेल एवढी जागा मोकळी ठेवायची आणि तिथून डेकवर चढायला एक पायरी.

"काका, सांगाडा झालाय. आता कापू?"

"कापा."

"वाऱ्याचं काय?"

"वारा नाही."

"मी आधीच म्हणणार होतो," तो म्हणाला. "आणि रुंदी? दोन खुर्च्याच ना?"

मी म्हणालो, खुर्ची मागे ओढायला जागा ठेवा. आणि आणखी दोन बसतील असं बघा, लेक येते. चार झाल्या, तर पाचवीला अडचण होणार नाही असंही म्हणालो. त्याने कानामागची पेन्सिल काढून फूटपट्टीवर आपटली आणि खुर्च्यांच्या अंगाला डेक दीडपट वाढवून आखला. सांगाड्याची लाकडं पुन्हा मागवावी लागतील म्हणाला.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. भोंगा सांगणार नाही. पण तो इतकी वर्षं एकाच जागी बसून एकीकडेच बघत आला आहे. तोंड बंद ठेवेल, डोळ्यांना काय करणार? नुसतं त्याला अंगणात आणून बसवायचं आणि लक्ष ठेवायचं. त्याच्याकडून ते काढून घ्यायचं, त्याला कळूही न देता.

३० एप्रिल, सोमवार

फाटकाची कडी पलीकडून आहे, त्यामुळे मला उघडता येत नाही. दोन वेळा कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. हाक मारायची मला सवय नाही. घरात ती एका खोलीच्या अंतरावर असायची, मी जाऊन सांगायचो.

संध्याकाळी हाक मारली. काय म्हणून मारू ते कळेना. त्याचं नाव घेऊन कधी बोललोच नाही. "अहो भोंगामामा," असं तोंडातून गेलं.

पलीकडून आवाज आला, "तुम्हीसुद्धा?"

"सुताराने डेक कापलाय. फाटक उघडतंय का बघायचंय. उद्या सकाळी या."

"वारा येईल."

"येऊ दे," मी म्हणालो.

२ मे, बुधवार

काल तो आला नाही. आज आला.

मी सकाळचं काम सोडून सांगाड्यावर बसलो होतो. खाली जमीन, वर फळ्या नाहीत, दोन लाकडांवर एकेक पाय. कडी निघाली, फाटक उघडलं, कुठेही न अडता कुंपणाला टेकेपर्यंत गेलं. भोंग्याने ते परत लोटलं, परत उघडलं. बस सोडायच्या आधी दार तपासावं तसं. दाढी केली होती. एका हातात ती बादली होती. ती त्याने खडीत उलटी घातली आणि बसला, तलावाच्या रुंद बाजूला, पाठ आमच्या घराकडे.

म्हणजे तो बघतो ती जागा स्वयंपाकघराकडून त्याच्या आड जाते. मी तिथून आजवर कधी बघितलं असतं तरी त्याची पाठच दिसली असती. हे लिहून ठेवतो.

मी त्याच्यापासून दोन लाकडं पलीकडे. हातात दातांवर खूण करायची निळी पेन्सिल होती, ती आधीच खिशात घालून आणली होती. त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलो.

सुरुवातीला तो तलावभर बघत होता, इकडून तिकडे, मग परत. पोहणारं माणूस बघावं तसं. मी तिथे बघितलं, नुसतं पाणी, वर एक पान. मग त्याची नजर थांबली. समोरच्या कडेला नाही, कोपऱ्यातही नाही. त्याच्या डाव्या हाताला, अगदी जवळ, जिथे पायरीवरची एक फरशी जरा काळपट आहे. तिथेच. तो एवढा बडबड्या माणूस, पण एक अक्षर न बोलता तिथे बघत बसला, आणि पापणीसुद्धा हलवेना. मान जरा तिकडे कलली. मला पुरेपूर वेळ मिळाला. मी उठलो, सांगाड्यावरून तोल सांभाळत गेलो, काठच्या लाकडावर दोन रेघा मारल्या, शिडीच्या दोन पायांएवढं अंतर सोडून.

खूण झाल्याबरोबर त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "डॉक्टर, चहा छान होता," आणि उठला. मी चहा अजून टाकलाच नव्हता. ऊन लागलं असावं त्याला.

मी म्हणालो, "टाकतो, बसा." तो बसला.

चहा घेऊन आलो तेव्हा तो त्या दोन रेघांकडे पाठ करून बसला होता आणि सुतार कसा सावकाश काम करतो यावर बोलू लागला. रेघा त्याने पाहिल्याच नाहीत. त्याच्या लक्षातही आलं नाही.

उद्या सुताराला जागा दाखवणार आहे. कुणी सांगितली असं विचारलं, तर म्हणेन, मला माहीत होती.